विदर्भाच्या उन्हाळ्यात बांधकामाची साइट सांभाळताना: नव्या सुपरवायझरसाठी

डिप्लोमा झाला, नोकरी लागली, कंपनीने नागपूर, चंद्रपूर, वर्धा किंवा अकोल्याच्या साइटवर टाकलं आणि रुजू व्हायची तारीख निघाली एप्रिलमधली, अशा मुलामुलींसाठी हा लेख आहे. पुण्या-कोल्हापूरकडून किंवा कोकणातून येणाऱ्यांना इथलं ऊन ऐकून माहीत असतं. पण वीस-पंचवीस माणसं त्या उन्हात कामाला लावायची जबाबदारी अंगावर आली की नेमकं काय करायचं, हे कॉलेजात कोणी शिकवलेलं नसतं.

मी याच भागात इमारतींच्या आणि रस्त्यांच्या कामांवर सुपरवायझर म्हणून उन्हाळे काढले आहेत. त्यातून माझं ठाम मत झालंय की कामावरच्या उष्माघाताचा संबंध मजुराच्या ताकदीशी कमी आणि आपण आखलेल्या दिवसाशी जास्त असतो. काम किती वाजता सुरू होणार, पाणी किती पावलांवर असणार, नव्या माणसाला पहिल्या दिवशी कोणतं काम मिळणार, सावलीत बसलं तर रोज (दिवसाची मजुरी) कापला जाणार की नाही, हे मजूर ठरवत नाही. ते आपण ठरवतो. म्हणून पुढचं सगळं मजुरांनी काय करावं यापेक्षा तुम्ही काय करावं याबद्दल आहे.

१. आधी तापमानाचा आकडा वाचायला शिका

हवामान खातं जे तापमान सांगतं ते सावलीतलं असतं, पांढऱ्या झडपांच्या पेटीत मोकळ्या हवेत ठेवलेल्या तापमापकाचं. स्लॅबवर उभ्या असलेल्या माणसाला वरून ऊन, खालून तापलेल्या प्लेटा आणि शेजारून सळ्यांची झळ असते. अंगमेहनतीने शरीर आतून तापतं ते वेगळंच. त्यामुळे मोबाइलवर ४३ दिसलं, तर तुमच्या माणसांच्या वाट्याला त्याहून बरंच जास्त आलंय असंच धरा.

दुसरी गोष्ट लाटेची. मैदानी भागात कमाल तापमान किमान ४० अंश असेल आणि ते नेहमीपेक्षा साडेचार अंशांनी वर गेलं, किंवा सरळ ४५ च्या वर पोचलं, की उष्णतेची लाट मानतात. ४७ ला तीव्र लाट. इथेच नवा माणूस फसतो. नागपुरात मेमधलं सरासरी कमाल तापमानच ४२-४३ च्या घरात असतं. म्हणजे पारा ४३ वर असतानाही लाट जाहीर झालेली नसते, कारण इथल्या हिशेबाने तो साधा दिवस असतो. पण परवाच्या रेल्वेने आलेल्या मुलासाठी तो साधा दिवस नसतो. लाट जाहीर झाली तरच काळजी घ्यायची, असा नियम कधीच करू नका.

तिसरी गोष्ट दमटपणाची. घाम वाळतो तेव्हा अंग थंड होतं. हवा कोरडी असेल तर घाम झटकन उडून जातो, इतका की माणसाला आपण घामाघूम झालोय हेच कळत नाही, आणि पाणी कमी पडत जातं. हवा दमट असेल तर घाम नुसता ओघळतो, अंग थंड होत नाही. १६ एप्रिल २०२३ ला खारघरच्या मैदानावरच्या सोहळ्यात उन्हाने १४ जणांचा जीव गेला, तेव्हा पारा चाळिशीच्या आतच होता. विदर्भात हा दमट प्रकार मेच्या अखेरीस आणि जूनमध्ये येतो. त्याबद्दल शेवटी लिहिलंय.

रोज संध्याकाळी ‘मौसम’ ॲपवर नाहीतर नागपूरच्या प्रादेशिक हवामान केंद्राच्या अंदाजात दुसऱ्या दिवसाच्या इशाऱ्याचा रंग बघा. पिवळा असेल तर सावध राहायचं, नारिंगी असेल तर तयारीत राहायचं आणि दुपारचं काम काढून टाकायचं. लाल असेल तर उन्हातलं काम पहाटेपुरतंच. किमान तापमानही बघत जा. रात्रीचा पारा तिशीच्या खाली उतरला नसेल, तर सकाळी हजेरीला येणारा माणूस आधीच थकलेला असतो.

२. मार्च संपायच्या आत जमवायचं सामान

सगळं मिळून फार खर्च येत नाही. स्टोअरमधून किंवा ठेकेदाराकडून आधीच मागून घ्या, कारण मेमध्ये ग्रीन नेट आणि बर्फ दोन्हीसाठी मारामार असते.

- ग्रीन नेट आणि बांबू: आरामाच्या मांडवासाठी, आणि बारबेंडिंगच्या (सळ्या कापण्या-वाकवण्याच्या) यार्डावर टाकण्यासाठी वेगळं.
- मातीचे डेरे किंवा रांजण, झाकणासह, लांब दांड्याचा डोया आणि भरपूर पेले.
- गोणपाट. डेऱ्याभोवती गुंडाळून ओलं ठेवायला आणि पत्र्यावर टाकायला.
- ओआरएसची (पाण्यात कालवायच्या मीठ-साखरेच्या पावडरची) पाकिटं, एक लिटरची. पाकिटावर जागतिक आरोग्य संघटनेचं सूत्र असल्याचं लिहिलेलं बघा.
- एक मजबूत ताडपत्री, अंदाजे आठ फूट बाय दहा फूट, फक्त तातडीसाठी राखून ठेवलेली. तिच्यात सिमेंट झाकायचं नाही.
- जुने टॉवेल किंवा चादरीचे तुकडे, दहा-बारा.
- थर्माकोलचा मोठा डबा आणि रोज सकाळी बर्फाची अर्धी लादी. हा बर्फ प्यायचा नाही. खाण्याजोगा नसलेला बर्फ निळसर रंगवून विकायचा नियम आहे. तो अंगाला बाहेरून लावायला चालतो.
- डिजिटल थर्मामीटर आणि प्रथमोपचार पेटी.
- पांढरा रंग किंवा चुना, झोपड्यांच्या पत्र्यांसाठी.

ओआरएसबद्दल एक सावधगिरी. खोक्यातली गोड फळांच्या चवीची पेयं वर्षानुवर्षं ओआरएसच्या नावाखाली विकली गेली. त्यात साखर फार आणि मीठ कमी. ऑक्टोबर २०२५ मध्ये एफएसएसएआयने (केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने) अशा पेयांच्या नावात तो शब्द वापरायला मनाई केली, तरी दुकानदार तेच पुढे करू शकतो. तुम्हाला हवी आहे ती औषधाच्या दुकानातली पावडर.

३. हजेरीच्या वहीला जोडायचं एक पान

प्रत्येक माणूस कामावर येतो त्या दिवशी पाच मिनिटं बसून हे लिहून घ्या: नाव, वय, गाव, घरच्यांचा फोन नंबर, याआधी कुठे काम करत होता, शेवटचं उन्हातलं काम कधी केलं, पूर्वी कधी ऊन लागलं होतं का, आणि रोजच्या गोळ्या कोणत्या. रक्तदाबाच्या काही गोळ्या, लघवी जास्त करवणाऱ्या गोळ्या, सर्दी-ॲलर्जीच्या काही गोळ्या आणि मानसिक आजारावरची काही औषधं यांनी शरीराची ऊन सोसायची ताकद घटते. गोळी बंद करायला सांगायचा अधिकार आपल्याला नाही. त्या माणसाला सावलीतलं काम द्यायचा अधिकार मात्र आहे.

सोबत आधारकार्डाची प्रत, बांधकाम कामगार कल्याण मंडळाच्या नोंदणीची प्रत आणि आरोग्य योजनेचं कार्ड असेल तर त्याचा फोटो ठेवा. मंडळाकडे नोंदणी नसेल तर करून घ्या. १८ ते ६० वयाच्या ज्याने वर्षभरात ९० दिवस बांधकामावर काम केलंय, त्याला ती मिळते, आणि त्या ९० दिवसांचा दाखला लागतो. तो दाखला द्यायला टाळाटाळ करू नका.

रोज सकाळी हजेरी घेताना तीन प्रश्न विचारायचे: काल ताप, जुलाब किंवा उलटी झाली का? रात्री झोप लागली का? काल घेतली होती का? तिसरा प्रश्न चारचौघांत मोठ्याने विचारलात तर खरं उत्तर मिळणार नाही. आदल्या रात्रीची दारू आणि नुकतेच झालेले जुलाब, दोन्हींनी शरीर आधीच कोरडं पडलेलं असतं. अशा माणसाला त्या दिवशी आतलं काम द्या. पूर्ण रोजावर द्या, नाहीतर उद्यापासून कोणी खरं सांगणार नाही.

४. पहिला आठवडा नव्या माणसाचा

लेखातलं एकच कलम लक्षात ठेवायचं झालं तर हे ठेवा.

उन्हाची सवय होते म्हणजे शरीरात खरोखर बदल होतात. घाम लवकर फुटायला लागतो, जास्त येतो, त्यातून मीठ कमी जातं, रक्तातला पाण्याचा भाग वाढतो, त्याच कामाला हृदयाचे ठोके कमी पडतात. हे व्हायला एक ते दोन आठवडे लागतात, आणि ते फक्त उन्हात थोडं-थोडं काम केल्यानेच होतं. अमेरिकेतल्या ओशा या कामगार-सुरक्षा खात्याच्या माहितीप्रमाणे, उघड्यावरच्या कामात उष्णतेने जे मृत्यू होतात त्यांतले निम्म्याहून अधिक पहिल्या काही दिवसांतच होतात. आपल्याकडे वेगळं काही होण्याचं कारण नाही.

त्यांच्याच नायॉश या संस्थेचा हिशेब साइटवर वापरायला सोपा आहे. अगदी नव्या माणसाला पहिल्या दिवशी उन्हातलं काम नेहमीच्या २० टक्के, मग रोज २० टक्के वाढ. आठ तासांच्या पाळीत म्हणजे पहिल्या दिवशी उन्हात साधारण दीड तास, दुसऱ्या दिवशी तीन-सव्वातीन, असं करत पाचव्या दिवशी पूर्ण. उरलेला वेळ सावलीतलं काम: रिंगा वाकवणं, तार कापणं, आतलं प्लास्टर, सामान लावणं. त्याने हे सावलीतलं काम करायचं आणि सुपरवायझर त्याचा रोज पूर्णच लिहील, हे मुकादमाला आधीच स्पष्ट सांगून ठेवा.

जुन्या अनुभवी माणसाचाही एक सापळा आहे, आणि तो विदर्भात नेमका भर उन्हाळ्यात येतो. आपल्याकडची माणसं गोंदिया-भंडाऱ्याची, बालाघाटची, छत्तीसगडची. एप्रिल-मे म्हणजे लग्नसराई. माणूस आठ-पंधरा दिवस गावी जातो, जागरणं होतात, प्रवास होतो, मांडवाच्या सावलीत दिवस जातात, आणि परत येतो तो थेट स्लॅबवर चढतो, कारण त्याला आणि आपल्याला दोघांनाही वाटतं की हा तर जुनाच आहे. आठवडाभर ऊन सुटलं की कमावलेली सवय उतरायला लागते. अशा माणसासाठी पहिल्या दिवशी ५० टक्के, मग ६०, मग ८०, आणि चौथ्या दिवशी पूर्ण.

पारा एकदम चार-पाच अंशांनी चढला, तर त्या दिवशी सगळेच नवे समजायचे. आणि तुम्ही स्वतः? पुण्याहून आलेला सुपरवायझर हाच साइटवरचा सगळ्यात कच्चा माणूस असतो. पहिल्याच दिवशी हातात ड्रॉइंग घेऊन दुपारभर स्लॅबवर उभं राहू नका.

५. कामाचं घड्याळ बदला

दुपारी बारा ही सगळ्यात तापलेली वेळ, असं पुष्कळांना वाटतं. ऊन तेव्हा सगळ्यात प्रखर असतं हे खरं, पण हवा त्यानंतरही तापत जाते आणि पारा टोक गाठतो तो तीनच्या सुमाराला. म्हणून ‘जेवण झालं, दोन वाजले, चला कामाला’ ही सर्वांत वाईट पद्धत. उन्हाळ्यात पाळी सकाळी सहा ते अकरा आणि दुपारी चार ते सात ठेवा. मधल्या वेळेत जेवण आणि झोप. सावलीत खरोखर आडवं होता आलं पाहिजे.

मालक किंवा ठेकेदार ऐकत नसेल, तर त्याच्याशी काँक्रीटच्या भाषेत बोला. ४० अंशांच्या वरच्या हवेतल्या काँक्रीटकामासाठी आयएस ७८६१ या भारतीय मानकाचा पहिला भाग आहे. भर उन्हात टाकलेल्या काँक्रीटचं पाणी उडतं, ते लवकर आवळतं, पृष्ठभागावर तडे जातात, आणि घट्ट झालेला माल ओढता यावा म्हणून माणसं गुपचूप पाणी मिसळतात. स्लॅब संध्याकाळी सुरू करून रात्री पुरा केला तर मालही वाचतो आणि माणसंही. रात्रीच्या कामाला लाइट, जनरेटर आणि जिन्याला कठडा एवढी तयारी लागते. मजुरांच्या काळजीने न हललेले लोक तड्यांच्या भीतीने हलताना मी पाहिले आहेत.

खरी अडचण असते ती उक्त्या कामाची. टनावर पैसे मिळणारा बारबेंडर किंवा चौरस फुटावर घेणारा सेंट्रिंगवाला (स्लॅबचा साचा उभारणारा) थांबत नाही. थांबला तर त्याचाच तोटा. त्याला ‘आराम कर’ म्हणून उपयोग नसतो, थांबणं सक्तीचं करावं लागतं: अकराला भोंगा वाजला की मशीन बंद, सामान गोदामात. उन्हाळ्यापुरता दर थोडा वाढवून घ्या किंवा रोजावर आणा. हे कामाच्या आधी ठरवायचं; मेमध्ये भांडून काही मिळत नाही.

आणि दोन पाळ्यांच्या मधला आराम पुरत नाही. पारा चाळिशीच्या वर असला की स्लॅबवर, सळईवर किंवा खोदाईवर काम करणाऱ्यांना तासागणिक दहा-पंधरा मिनिटं सावलीत बसवा. मांडव कामाच्या जागेला लागून हवा. शंभर पावलं चालून, तीन मजले उतरून सावलीला कोणी जात नाही.

६. पाणी: किती, कुठे आणि कोण पीत नाही

हिशेब असा. भर उन्हात काम करणाऱ्याने दर पंधरा-वीस मिनिटांनी एक पेला, म्हणजे ताशी पाऊण ते एक लिटर पाणी प्यायला हवं. वीस माणसं, आठ तास, ताशी एक लिटर: १६० लिटर, म्हणजे वीस लिटरचे आठ जार, फक्त प्यायला. बहुतेक साइटवर दोन जार येतात आणि दुपारी संपतात. ही यादी वर पाठवताना आकडेमोड सोबत लिहा, मंजूर होते.

उलट टोकही धोक्याचं आहे. तासाला दीड लिटरच्या वर नुसतं पाणी ढोसलं तर रक्तातलं मीठ पातळ होतं, आणि त्यानेही माणूस गुंगतो, उलट्या होतात. म्हणून थोडं-थोडं, सारखं. तहान लागेपर्यंत थांबायचं नाही, आणि एकदम तांब्याभर रिचवायचंही नाही.

डेरा सावलीत, थोडा उंचावर, वारा लागेल असा ठेवा. भोवती ओलं गोणपाट. काळ्या टाकीतून किंवा उन्हात पडलेल्या पाइपमधून येणारं पाणी इतकं तापलेलं असतं की तोंडात धरवत नाही. त्या पाइपचं पहिलं पाणी कोणाच्याही अंगावर घेऊ नका, भाजतं. ते आधी क्युरिंगला (काँक्रीट भिजवायला) सोडून द्या.

आता कोण पीत नाही ते. एक, ज्याच्या गालात खर्रा (सुपारी-तंबाखूचं घोटलेलं मिश्रण) आहे तो. खर्रा तोंडात असेपर्यंत माणूस पाणी टाळतो, आणि एक संपला की दुसरा घोटायला घेतो. उपदेश करून खर्रा सुटत नाही. पण पाण्याची हाक पडली की आधी थुंकून, चूळ भरून पेला घ्यायचा, एवढी शिस्त लागते. पाणी वाटणारा माणूस ठेवा, जो कामाच्या जागी जाऊन हातात पेला देईल.

दोन, बाया. साइटवर बायांसाठी आडोसा नसेल तर रेजा (मजूर बाया) सकाळपासून पाणीच पीत नाहीत. विचारलं तर ‘तहान नाही लागली’ म्हणतात. संध्याकाळपर्यंत डोकं ठणकतं, उन्हाळी लागते (लघवीला जळजळ होते), आणि कोणाला सांगतही नाहीत. दार लागणारा, आत पाण्याची बादली असलेला संडास हे उष्माघाताविरुद्धचं साधन आहे, हे मी ऑफिसात वारंवार सांगतो. पाण्याच्या जारइतकाच तो पहिल्या दिवशी उभा राहिला पाहिजे.

मीठ-साखरेचं: सकाळी भाकरी-भाजी, डाळ, चटणी खाऊन आलेल्या माणसाला मिठाच्या वेगळ्या गोळ्या लागत नाहीत. उपाशी येणारा धोक्यात असतो. दुपारी मीठ-जिरं घातलेलं ताक किंवा कैरीचं पन्हं उत्तम. फार घाम गेला, पोटऱ्यांत गोळे आले, तर ओआरएस: एक लिटरचं पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यातच. अर्ध्या पेल्यात अख्खं पाकीट ओतू नका. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. मधुमेह, रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी आपल्या डॉक्टरांना आधी विचारून ठेवावं.

लघवीचा रंग हा सर्वांत सोपा मापक. फिकट असेल तर ठीक, गर्द पिवळी किंवा चहासारखी असेल तर उन्हातून बाहेर.

७. कपडे

सैल, पूर्ण बाह्यांचा, फिकट सुती सदरा. उघड्या अंगाने काम केलं की थंड वाटतं, हा गैरसमज आहे. ऊन थेट कातडीवर बसतं. दुपट्टा ओला करून मानेवर सोडा. हेल्मेटखाली जाड घडी कोंबली तर हेल्मेट डोक्यावर बसत नाही, म्हणून डोक्याला पातळ कापड आणि मानेवर झालर. उन्हात पडलेली सळई हातमोज्यांशिवाय धरू नका, हाताला चटका बसतो. खिशात कांदा ठेवणाऱ्यांची थट्टा करू नका. तो कांदा त्यांना भाकरीबरोबर खायला लावा आणि सांगा की खिशातल्या कांद्याने ऊन थांबत नाही.

८. जोडी लावा आणि बोलणं ऐका

ऊन चढलेल्या माणसाला आपल्याला काय होतंय ते कळत नाही. त्याला बाहेरूनच ओळखावं लागतं. म्हणून एकट्याला कुठेही ठेवू नका. दोघांची जोडी, एकमेकांवर नजर.

सुरुवातीची चिन्हं सगळ्यांना माहीत असतात: घामाच्या धारा, डोकं दुखणं, मळमळ, पाय लटपटणं, चक्कर, पोटऱ्यांत गोळे. या टप्प्यावर सावली, ओलं कापड, वारा आणि घोट-घोट पाणी. अर्ध्या तासात बरं वाटलं नाही तर दवाखाना, आणि बरं वाटलं तरी त्या दिवशी परत काम नाही.

यापुढचा टप्पा फार वेगाने येतो. एकदा फुटिंगच्या (पायाच्या) जाळीवर तार बांधणारा एक तरुण मुलगा एकाच गाठीवर हूक फिरवत बसलेला दिसला. गाठ केव्हाच बसली होती, तार तुटायला आली होती. नाव विचारलं, बरोबर सांगितलं. गाव विचारलं, तर आमच्या साइटचं नाव सांगितलं. अंगाला हात लावला तर तापलेलं, आणि सदरा घामाने चिंब. हे मुद्दाम सांगतोय, कारण ‘घाम थांबला आणि अंग कोरडं पडलं की उष्माघात’ असं अजून अनेकांच्या डोक्यात असतं. अंगमेहनत करणाऱ्याला घाम येत असतानाही उष्माघात होतो. घामावर जाऊ नका, डोक्यावर जा. नाव काय, वार कोणता, आता कुठे आहोत, सोबत कोण आहे? उत्तर चुकलं, जीभ जड झाली, तोल गेला, विनाकारण चिडला किंवा भलतंच बोलायला लागला की तो उष्माघातच, असं धरून चालायचं. दारू प्यायला असेल, नाटक करतोय, असं म्हणणाऱ्याला बाजूला करा.

९. कोणी पडलं तर

आधी थंड करायचं, मग हलवायचं. गाडी येईपर्यंत नुसतं वारा घालत बसणं, किंवा रिक्षात कोंबून ट्रॅफिकमधून नेणं, यात हातातली मिनिटं जातात. शरीराचं आतलं तापमान ४० च्या वर किती वेळ राहतं यावर मेंदू, मूत्रपिंड आणि यकृत वाचणार की नाही हे ठरतं. पहिल्या अर्ध्या तासात ताप उतरवणं हेच खरं काम.

एकाने १०८ ला फोन लावायचा. ही सेवा मोफत आहे. साइटचा पत्ता, जवळची खूण आणि आत यायचं गेट कोणतं हे ऑफिसच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा. नव्या लेआउटमधल्या साइटचा रस्ता अँब्युलन्सला सापडत नाही. एक माणूस मुख्य रस्त्यावर उभा करा.

बाकीच्यांनी लगेच सावलीत न्यायचं, बूट, पट्टा, हेल्मेट, सदरा काढायचा. राखून ठेवलेली ताडपत्री पसरा, त्याला तिच्यात ठेवा, चौघांनी-सहाजणांनी कडा वर धरून खोलगट करा, आणि पाणी व बर्फ ओता. कडा हळूहळू वर-खाली करत राहा म्हणजे पाणी अंगावरून फिरत राहील. तोंड आणि नाक पाण्याबाहेर, एकाने डोकं धरून ठेवायचं. बर्फ नसेल तर मिळेल तितकं गार पाणी सतत ओता. ताडपत्री नसेल तर ओले, बर्फात बुडवलेले टॉवेल डोक्यावर, मानेवर, छातीवर, काखेत, जांघेत, पोटऱ्यांवर. दोन-तीन मिनिटांनी बदलत राहायचं, आणि वर जोरात पंखा.

शुद्ध हरपलेल्याच्या किंवा गुंगलेल्याच्या तोंडात पाणी, ओआरएस, पन्हं, काहीही घालू नका, श्वासनलिकेत जातं. पॅरासिटामॉल देऊ नका. हा आजारपणातला ताप नव्हे, त्या गोळीने उतरत नाही आणि तापलेल्या यकृताला त्रास होतो. उलटी झाली तर कुशीवर वळवा. श्वास थांबला तर छातीवर दाब देणं सुरू करा, त्यासाठी साइटवरच्या दोघांना तरी आधी शिकवून घ्या. कापरं भरलं तरी थंड करणं लगेच सोडू नका. नीट बोलायला लागला, ओळखायला लागला की थांबा.

दवाखान्यात सांगायच्या गोष्टी: किती वाजता सापडला, तेव्हा काय बोलत होता, थंड करणं किती वाजता सुरू झालं, रोजच्या गोळ्या कोणत्या. तिसऱ्या कलमातलं पान सोबत पाठवा. शुद्धीवर आला म्हणून साइटवरूनच घरी पाठवू नका. मूत्रपिंडाचा आणि यकृताचा बिघाड नंतर दिसतो, रक्ततपासणी लागते.

त्याच दिवशी वहीत सगळं लिहून ठेवा: वेळ, जागा, काम, पारा. नुकसानभरपाईच्या वेळी त्याच्या घरच्यांना याचाच आधार असतो. बरा झालेला माणूस डॉक्टरांच्या लेखी परवानगीशिवाय उन्हात घ्यायचा नाही, आणि घेतला की तो पुन्हा नवा: २० टक्क्यांपासून.

१०. रात्र

माणसं साइटवरच पत्र्याच्या झोपड्यांत राहत असतील, तर त्यांची झोप ही तुमचीच बाब आहे. पत्र्याला वरून पांढरा रंग किंवा चुना, त्यावर गोणपाट, संध्याकाळी पाण्याचा शिडकावा. कूलर द्यायचा तर समोरची खिडकी किंवा फट उघडी हवी. बंद खोलीत कूलर लावला की हवा नुसती दमट होते. दिवसभर तापलेला स्लॅब रात्री उशिरापर्यंत उष्णता सोडतो, तरी वारा मिळतो म्हणून माणसं वर झोपायला जातात. कडेला कठडा नसलेल्या स्लॅबवर कोणालाही झोपू देऊ नका. झोपेत उठून चालणारा माणूस खाली येतो.

११. नवतपा आणि पहिली सर

२५ मेच्या सुमाराला रोहिणी नक्षत्र लागतं आणि नवतपा सुरू होतो. त्या नऊ दिवसांत स्लॅबच्या तारखा शक्यतो घेऊच नका.

मग एखाद्या संध्याकाळी वादळ येतं, सर पडते, पारा चार अंशांनी उतरतो, आणि सगळे सुटकेचा श्वास टाकतात. ठेकेदार म्हणतो, आता दुपारची पाळी लावा. लावू नका. दुसऱ्या दिवशी जमिनीतून वाफ निघते, हवा दमट होते, घाम वाळत नाही, कूलर काम करेनासा होतो. ४५ च्या कोरड्या उन्हात टिकलेली माणसं ३९ च्या या कुंद हवेत बसून जातात. पाऊस चांगला स्थिरावेपर्यंत, म्हणजे बहुतेक वर्षी जूनचा दुसरा पंधरवडा, सहा ते अकराचं घड्याळ, मांडव, पाणी वाटणारा आणि बर्फाचा डबा तसेच चालू ठेवा. त्यानंतर ग्रीन नेट धुऊन, वाळवून गोदामात ठेवा, आणि उरलेल्या ओआरएसच्या पाकिटांवरची तारीख बघून संपत आलेली वेगळी काढा.